विकिपीडियावर फोटो टाकला की लाल अक्षरंच येतात? ही कारणं तपासा

“फोटो टाकला, पण फोटो आलाच नाही. नुसती लाल अक्षरं आली.” मराठी विकिपीडियावर नव्याने लिहू लागलेल्यांचा हा निरोप इतक्यांदा येतो, की उत्तर एकदाच नीट लिहून ठेवतेय. ठाणे-नवी मुंबईत २७ फेब्रुवारीच्या, म्हणजे मराठी भाषा गौरव दिनाच्या आगेमागे कॉलेजांत आणि वाचनालयांत संपादनाच्या कार्यशाळा होतात. लोक उत्साहाने घरी जाऊन आपल्या गावाचा, देवळाचा, तलावाचा लेख उघडतात आणि तिथे ही लाल अक्षरं आडवी येतात.

गंमत अशी की बहुतेकांना खुणा बरोबर ठाऊक असतात. दोन चौकटी कंस, मग चित्र, मग उभी रेघ, सगळं पाठ असतं. घोळ घालतो तो कीबोर्ड. देवनागरी कीबोर्डवर काही चिन्हं दिसायला जुळी असतात, पण संगणकाच्या लेखी त्यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो. विकीवरच्या अडचणींची यादी काढायला बसलात, तर मराठीत निम्म्याहून जास्त गोष्टी इथेच येऊन थांबतील असं माझं मत आहे. इंग्रजीतली मदतपानं याबद्दल बोलत नाहीत, कारण त्यांना हा प्रश्न पडतच नाही.

लाल अक्षरं आधी वाचा, मग पुसा

समजा, तलावपाळीवर काढलेला फोटो तुम्ही कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाचे फोटो जिथे साठवतात त्या संकेतस्थळावर, चढवलाय आणि फाइलचं नाव ‘मासुंदा तलाव संध्याकाळ.जेपीजी’ आहे. शेवटचं जेपीजी मी इथे देवनागरीत लिहितेय. खऱ्या ओळीत ते फाइलच्या नावात आहे तसंच, इंग्रजी अक्षरांत लागतं. लेखात हवी ती ओळ अशी:

[[चित्र:मासुंदा तलाव संध्याकाळ.जेपीजी|इवलेसे|उजवे|संध्याकाळची तलावपाळी]]

आता ही बघा:

[[चित्रःमासुंदा तलाव संध्याकाळ.जेपीजी|इवलेसे|उजवे|संध्याकाळची तलावपाळी]]

आणि ही:

[[चित्र:मासुंदा तलाव संध्याकाळ.जेपीजी।इवलेसे।उजवे।संध्याकाळची तलावपाळी]]

मोबाइलच्या पडद्यावर तिन्ही ओळी सारख्याच वाटतील. दुसऱ्या ओळीत ‘चित्र’नंतर अपूर्णविराम नाही, विसर्ग आहे. ‘दुःख’मधला विसर्ग. तिसऱ्या ओळीत उभ्या रेघा नाहीत, पूर्णविरामाचे दंड आहेत, श्लोकाच्या ओळीशेवटी असतात ते. मराठीत आपण पूर्णविरामाला टिंबच देतो, पण अनेक देवनागरी कीबोर्डांवर दंड असतोच, आणि उभी रेघ शोधणाऱ्याच्या बोटाखाली नेमका तोच येतो.

नेमकी कुठली चूक झालीय ते पानावर काय उमटलंय त्यावरून कळतं. म्हणून घाईने सगळं पुसून पुन्हा टाइप करू नका; त्याच कीबोर्डवरून तीच चूक पुन्हा होईल.

पानावर लाल अक्षरांत ‘इवलेसे|उजवे|संध्याकाळची तलावपाळी’ एवढंच दिसत असेल, तर विसर्ग पडलाय. विसर्गामुळे ‘चित्र:’ हा उपसर्ग ओळखला गेला नाही, त्यामुळे सॉफ्टवेअरने हा साधा दुवा धरला. साध्या दुव्यात पहिल्या उभ्या रेघेच्या आधी पानाचं नाव आणि नंतर दाखवायचा मजकूर असतो. त्या नावाचं पान नाही, म्हणून रंग लाल.

सगळीच्या सगळी ओळ, ‘चित्र:’पासून ‘तलावपाळी’पर्यंत, लाल झाली असेल तर दंड पडलेत. रेघच सापडली नाही, म्हणून ती सबंध लांबण फाइलचं नाव समजली गेली.

आणि चित्राची चौकट आली, खाली ओळही नीट आली, पण आत फक्त फाइलचं नाव लाल दिसतंय, तर खुणा ठीक आहेत. फाइलच्या नावात खोट आहे. त्याबद्दल पुढे लिहिते.

हाच विसर्ग वर्गांनाही, म्हणजे एका विषयाचे लेख एकत्र बांधणाऱ्या खुणांनाही, छळतो. [[वर्गः ठाणे]] असं झालं की लेख वर्गात जात नाही आणि लेखाच्या शेवटी एक अनाथ लाल दुवा लोंबत राहतो.

खात्री करायची सोपी युक्ती म्हणजे बाणाची कळ. संगणकावर कर्सर ‘चित्र’च्या आधी ठेवा आणि उजवा बाण एकेकदा दाबत जा. विसर्ग ‘त्र’ला चिकटलेला असतो, कर्सर दोघांना मिळून एकदम ओलांडतो. अपूर्णविराम स्वतंत्र असतो, त्याच्या आधी कर्सर थांबतो. दंडासाठी पानात शोध घ्या: इंग्रजी कीबोर्डवर जाऊन खरी उभी रेघ टाइप करा, ती एंटरच्या जवळच्या तिरप्या रेघेच्या कळीवर शिफ्ट दाबून येते. तुमच्या ओळीतल्या रेघा शोधात उजळल्या नाहीत, तर ते दंड आहेत.

उपाय? खुणांपुरतं इंग्रजी कीबोर्डवर या. विंडोजवर विंडोजची कळ आणि स्पेस. विकिपीडियाचंच मराठी टंकन वापरत असाल तर कंट्रोल आणि एम दाबलं की ते चालू-बंद होतं. मोबाइलवर पृथ्वीगोलाची किंवा भाषा बदलायची कळ. कंटाळवाणं आहे, मान्य. पण मी स्वतः एक बरोबर ओळ फोनच्या नोट्समध्ये ठेवलीय आणि प्रत्येक वेळी तीच चिकटवून फक्त नाव आणि मथळा बदलते. खुणा हाताने टाइप करायची वेळच येत नाही.

२५० लिहिलं तरी चित्र तेवढंच

जुळ्यांचा आणखी एक प्रकार म्हणजे आकडे. चित्राची रुंदी द्यायची तर आकडा आणि त्याला जोडून पीएक्स लिहितात. आकडा देवनागरी असेल तर रुंदी म्हणून तो मोजलाच जात नाही. बाकी काही ओळखू न आलेला भाग सॉफ्टवेअर मथळा धरतं, म्हणून कधी कधी चित्राखाली मथळ्याच्या जागी चक्क तो आकडाच येतो. लेखातला मजकूर खुशाल देवनागरी आकड्यांत लिहा, तिथे १६ एप्रिल १८५३ असंच हवं. फक्त खुणांच्या आतले आकडे इंग्रजी ठेवा.

खरं तर रुंदी देऊच नका. ‘इवलेसे’ लिहिलं की वाचकाच्या पसंतीनुसार आकार ठरतो. ज्यांनी आपल्या खात्यात मोठी चित्रं निवडलीत त्यांना मोठी दिसतात. आपण ठरावीक आकडा घालून त्यांची सोय काढून घेतो.

उलट तक्रारही येते: चित्र अख्खं पान व्यापून बसलं. तेव्हा बहुधा ‘इवलेसे’ राहिलेलं असतं किंवा ‘ईवलेसे’, ‘इवलेसं’ असं काहीतरी झालेलं असतं. हल्लीचे फोन कित्येक हजार पिक्सेल रुंदीचे फोटो काढतात. इवलेसे नसेल तर फोटो मूळ आकारात उभा राहतो.

फाइलच्या नावातली खोट

नाव एका अक्षराने चुकलं तरी चालत नाही. पहिलं अक्षर सोडलं तर इंग्रजी कॅपिटल आणि स्मॉल वेगळे धरले जातात, आणि बहुतेकांचा घात शेवटच्या जेपीजीत होतो. कॅमेरा ते कॅपिटलमध्ये लिहितो, आपण स्मॉलमध्ये. नावातली मोकळी जागा आणि खालची रेघ मात्र एकच, त्यात डोकं घालू नका. नाव टाइप करण्यापेक्षा कॉमन्सवरच्या फाइलच्या पानावरून उचला.

एक सूचना चढवतानाची. आयएमजी आणि पुढे नुसते आकडे, अशी कॅमेऱ्याने दिलेली नावं कॉमन्सवर अडवली जातात. ‘कोपिनेश्वर मंदिर ठाणे, मुख्य प्रवेशद्वार’ असं नाव द्या, पुढे शोधणाऱ्यालाही बरं.

माहितीचौकटीत, म्हणजे लेखाच्या वरच्या कोपऱ्यातल्या तक्त्यात, चित्र घालताना उलटं होतं. तिथे बहुतेक साच्यांना, म्हणजे अशा तयार चौकटींना, फक्त फाइलचं नाव हवं असतं, कंस आणि इवलेसे साचा स्वतः लावतो. आपण सगळी ओळ चिकटवली की चित्राच्या आजूबाजूला कंस आणि रेघा लोंबताना दिसतात.

दुवे लाल, पण लेख तर आहे!

हेही जुळ्यांचंच प्रकरण आहे, म्हणून इथेच उरकते. ‘किनाऱ्या’तला ऱ्य दोन पद्धतींनी लिहिला जातो. एका पद्धतीत टिंबवाला ऱ असतो, दुसरीत साधा र आणि न दिसणारा एक जोडणारा. ‘ॲ’चंही तसंच: एक अखंड अक्षर, एक अ वर चंद्र ठेवलेलं. डोळ्यांना फरक नाही, विकीला आहे. लेखाचं नाव एका पद्धतीचं आणि तुमचा दुवा दुसऱ्या पद्धतीचा असेल तर दुवा लाल होणारच. विकीच्या शोधपेटीत नावाची सुरुवातीची दोन-तीन अक्षरं टाका, लेख उघडा आणि त्याचं शीर्षक जसंच्या तसं कॉपी करा. दोन्ही रूपं लोक वापरणार असतील तर दुसऱ्या रूपाचं पुनर्निर्देशन करून टाका, म्हणजे ते नाव आपोआप खऱ्या लेखावर नेईल, पुढच्याची चिंता मिटते.

ठळक अक्षरांऐवजी अवतरणचिन्हं

ठळक करायला शब्दाच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन एकेरी अवतरणचिन्हं: '''ठाणे'''. तिरप्यासाठी दोन-दोन. चिन्हं पानावर तशीच उमटली तर दोनपैकी एक झालंय.

एक, दोन एकेरींऐवजी एक दुहेरी चिन्ह टाइप झालंय. दिसतं तसंच.

दोन, फोनने शहाणपणा केलाय. आयफोनवर सरळ अवतरणचिन्ह टाइप केलं की तो ते वाकड्या, छापील वळणाच्या चिन्हात बदलतो. वर्डमधून चिकटवलेल्या मजकुरातही तेच होतं. विकीला सरळंच लागतात. आयफोनवर सेटिंग्ज, मग जनरल, मग कीबोर्ड, तिथे ‘स्मार्ट पंक्च्युएशन’ बंद करा. ती सोय बंद झाली की दोन संयोगचिन्हांची लांब रेघ होणंही थांबतं.

ठळक फक्त पहिल्या वाक्यात लेखाच्या नावाला. बाकी लेखात दर दोन ओळींनी ठळक केलेला मजकूर म्हणजे लग्नपत्रिका. तिरपं तर देवनागरीत मी टाळतेच. आपल्या अक्षरांना तिरकं केलं की मात्रा आणि रफार एकमेकांवर कलंडतात, वाचायला त्रास होतो.

लेखातल्या विभागाच्या शीर्षकाला दोन्ही बाजूंनी दोन-दोन बरोबरची चिन्हं द्या: == इतिहास ==. एकेक देऊ नका, ती पातळी लेखाच्या नावाची असते. आणि शीर्षकात पुन्हा ठळक करायची गरज नाही, ते मुळातच मोठं येतं.

परिच्छेद चौकटीत अडकला

ऐरोलीच्या एक निवृत्त शिक्षिका आपल्या भागातल्या जुन्या गावठाणांवर फार छान लिहितात. त्यांचे सगळे परिच्छेद करड्या चौकटींत यायचे, अक्षर टंकलेखनयंत्रासारखं, आणि ओळ उजवीकडे पडद्याबाहेर पळायची. मजकुरात चूक शोधून सापडेना, कारण चूक मजकुरात नव्हतीच. परिच्छेद सुरू करताना बोटभर जागा सोडायची ही त्यांची चाळीस वर्षांची सवय. वहीत ती शिस्त. विकीवर ओळीच्या सुरुवातीची एक मोकळी जागासुद्धा ‘हा मजकूर आहे तसाच चौकटीत दाखव’ असा हुकूम ठरते. ओळींच्या सुरुवातीच्या जागा काढा, चौकट जाते. पीडीएफमधून किंवा व्हॉट्सॲपवरून चिकटवलेल्या मजकुरात अशा जागा हमखास येतात.

नवा परिच्छेद हवा असेल तर मध्ये एक पूर्ण ओळ मोकळी सोडा. नुसतं एकदा एंटर मारलं तर पानावर दोन्ही ओळी जोडून येतात. क्रमांकाच्या यादीत मात्र उलटं. # लावलेल्या दोन ओळींमध्ये रिकामी ओळ सोडलीत, तर पुढचा आकडा पुन्हा १ पासून सुरू.

जुन्या स्मरणिकेतून मजकूर घेत असाल आणि चिकटवल्यावर अक्षरांचा कचरा होत असेल, तर तो मजकूर डीटीपीच्या जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमधला आहे. तो आधी रूपांतरित करावा लागतो, विकीचा त्यात दोष नाही. आणि हो, स्मरणिकेतली वाक्यं तशीच उचलायची नसतात. माहिती घ्या, वाक्यं तुमची लिहा, स्मरणिकेचा संदर्भ द्या.

कंस दिसतात, दुवा होत नाही

दृश्य संपादकात, म्हणजे पान जसं दिसतं तसंच बदलता येतं तिथे, हाताने खुणा टाइप करायच्या नसतात. तिथे टाइप केलेल्या खुणा साधा मजकूर समजून गुंडाळून ठेवल्या जातात आणि पानावर तशाच्या तशा दिसतात. स्रोत, म्हणजे पानामागचा खुणांसकटचा मजकूर, उघडून पाहिलंत तर त्यांच्या आजूबाजूला ‘नोविकी’ नावाचे टॅग सापडतील. ते टॅग काढा, काम झालं. नव्या माणसाने कुठला संपादक वापरावा यावर आमच्यात वाद आहेत. माझं मत: परिच्छेद आणि दुवे दृश्य संपादकात करा, चित्राचा गोंधळ निस्तरायला स्रोतात या. चूक दिसते ती स्रोतातच.

चित्र दोन दिवस होतं, मग गेलं

ही तक्रार वेगळ्या जातीची. इथे खुणांशी संबंध नाही. लेखाचा इतिहास, म्हणजे त्यात झालेल्या बदलांची यादी, उघडा. ‘कॉमन्सडीलिंकर’ नावाच्या खात्याने चित्र काढलेलं दिसलं, तर फाइल कॉमन्सवरूनच वगळली गेलीय, आणि हे सांगकाम्या (बॉट) खातं नुसतं मागचं झाडतंय. त्याच्याशी भांडू नका. कॉमन्सवर फाइलच्या नावाने गेलात तर वगळण्याचं कारण लिहिलेलं असतं.

कारण बहुतेकदा परवान्याचं. कॉमन्सवर मुक्त परवान्याचीच, म्हणजे कुणालाही वापरायची मुभा असलेलीच, चित्रं चालतात, ‘शैक्षणिक वापरासाठी’ हा बचाव तिथे नाही. सोसायटीच्या गटावर आलेला फ्लेमिंगोंचा सुंदर फोटो तुमचा नाही, मग तो कुणीही पाठवलेला असो. स्वतःचा फोटोही व्हॉट्सॲपवरून स्वतःला पाठवून मग चढवू नका. त्यात फोटो आक्रसतो आणि कॅमेऱ्याची, वेळेची नोंद पुसली जाते. मग ‘हा फोटो खरंच तुम्ही काढला का’ असा प्रश्न येतो आणि दाखवायला हातात काही नसतं. फोनच्या गॅलरीतून मूळ फाइलच चढवा.

नवी मुंबईकरांसाठी एक खास मुद्दा, कारण इथे भिंती फार रंगवतात. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातल्या कलम ५२ नुसार सार्वजनिक जागी कायमस्वरूपी असलेल्या शिल्पाचा आणि इमारतीचा फोटो काढून प्रसिद्ध करता येतो. भिंतीवरच्या चित्राला, फलकाला, पोस्टरला ही सवलत नाही. म्हणजे चौकातल्या फ्लेमिंगोच्या शिल्पाचा फोटो राहील, उड्डाणपुलाखालच्या रंगवलेल्या फ्लेमिंगोंचा जाईल. खरे फ्लेमिंगो सगळ्यांत सुरक्षित. ठाणे खाडी २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे आणि लेखांना चांगले फोटो हवेच आहेत.

फोटो खूप झाले

उत्साहाच्या भरात एकाच लेखात दहा चित्रं उजव्या बाजूला लागतात. मजकूर संपतो, चित्रांची रांग पुढे चालूच राहते, आणि ‘वाहतूक’ विभागाशेजारी देवळाचं चित्र येतं. ‘डावे’ लिहून आलटूनपालटून करण्यात अर्थ नाही. मोबाइलवर डावं-उजवं उरतच नाही, सगळी चित्रं एकाखाली एक येतात, आणि आपले बहुतेक वाचक मोबाइलवर असतात. दर विभागाला एक, मजकुराशी थेट संबंध असलेलं चित्र ठेवा. उरलेली लेखाच्या शेवटी चित्रांच्या गॅलरीत. त्यातूनही उरतील ती कॉमन्सवर राहू द्या.

सगळं करून अडलात तर लेखात प्रयोग करू नका, आपल्या धूळपाटीवर, म्हणजे सरावाच्या पानावर करा, आणि प्रकाशित करण्याआधी झलक पाहायची कळ दाबा. तरीही उलगडा नाही झाला तर चावडीवर, म्हणजे विकीच्या चर्चेच्या पानावर विचारा, पण स्क्रीनशॉट टाकू नका. स्क्रीनशॉटमध्ये विसर्ग आणि अपूर्णविराम आम्हालाही वेगळे दिसत नाहीत. पानाच्या इतिहासात तुमच्या बदलाची तारीख-वेळ असते, तिच्यावर दाबा आणि वरचा पत्ता कॉपी करून पाठवा. त्यावरून स्रोत उघडता येतो आणि नेमकं कुठलं चिन्ह पडलंय ते बघता येतं.